बालवाडीच्या दारातले दृष्टीबाधित मूल

(संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी बँकेतला एक कारकून. कला शाखेचा पदवीधर. डोळ्यांचा डॉक्टर नाही की बालशिक्षणाचा पंडितही नाही. पण आपल्या संस्थेपुढे सध्या एक साधा प्रश्न आलेला आहे. ज्या मुलाला दिसत नाही किंवा फार कमी दिसते, असे तीन-चार वर्षांचे मूल आपल्या बालवाडीत घ्यायचे की नाही? या प्रश्नावर गेले काही महिने मी वाचले, चार जाणत्यांना विचारले, बालवाडीच्या ताईंशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न कसा निर्माण झाला ते आधी सांगितले पाहिजे. मेहरूणमधल्याच एका घरातली चार वर्षांची मुलगी. तिला उजेड-अंधार कळतो, जवळचा ठळक रंग कळतो, त्यापलीकडे काही दिसत नाही. आई तिला घेऊन शहरातल्या एका बालवाडीत गेली. नाव मी घेणार नाही; नावाने काही साधत नाही. तिथे उत्तर मिळाले, "पोरगी पडली-झडली तर जबाबदारी कोणाची? सहा वर्षांची झाली की अंधशाळेत टाका." आई परत आली. मुलगी ओट्यावर बसून राहिली. तिच्या बरोबरीची मुले सकाळी दप्तर घेऊन निघतात तेव्हा तिला त्यांचे आवाज ऐकू येतात. ती आईला विचारते, "मी कधी?" मित्रहो, आपला आजचा विषय म्हणजे हे दोन शब्द आहेत.

आता आपल्या जळगावचेच चित्र पाहा. याच शहरात दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यातून अंध, अपंग आणि अनाथ तरुण-तरुणी तिथे येऊन राहतात, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. आपल्या गावाला ही भूषणावह गोष्ट आहे. आणि दृष्टी नसलेला माणूस कुठवर जाऊ शकतो, याचा पुरावा मागायला आता दूर जायला नको. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, पुढे महाविद्यालयात आणि दिल्लीच्या विद्यापीठात गेल्या. २०१७ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्यांचा देशात १२४ वा क्रमांक आला आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली.

म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या अंध तरुणासाठी आपल्या गावात दार उघडे आहे. पण तीन वर्षांच्या अंध मुलासाठी गल्लीतल्या बालवाडीचे दार उघडेल याची खात्री नाही. कळसाला आपण सोन्याचा मुलामा देतो आणि पायाचा दगड मात्र बाहेर ठेवतो. वीस वर्षांपर्यंत पोहोचण्यासाठी मुलाला आधी तीन, चार आणि पाच वर्षांचे व्हावे लागते. ही वर्षे वाया गेली तर पुढची शिकवणी त्यांची भरपाई करू शकत नाही.

असे मी का म्हणतो? डोळस मूल पहिल्या पाच-सहा वर्षांत जे शिकते त्यातले फार थोडे कोणी मुद्दाम शिकवलेले असते. ते पाहून शिकते. आई भाकरी थापते ते पाहते, बाप दाढी करतो ते पाहते, शेजारचा पोरगा सायकलवरून पडतो तेही पाहते. पाच-सहा महिन्यांचे डोळस बाळ समोरच्या खुळखुळ्याकडे हात नेते. दृष्टी नसलेले बाळ आवाजाच्या दिशेने हात नेऊ लागते ते साधारण वर्षाच्या अखेरीस. कारण जो आवाज येतो त्या आवाजाला एक 'वस्तू' आहे, ती कुठेतरी ठेवलेली आहे आणि हात पुढे केला तर ती सापडते, हे त्याला पाहून कळत नाही. ते अनुभवाने शोधून काढावे लागते. म्हणून ते रांगायलाही उशिरा लागते. रांगायचे कशाकडे? पुढे काही आहे हेच ठाऊक नसेल तर मूल जागेवर बसून राहते. आणि घरचे म्हणतात, "आमचं पोरगं फार गुणी, फार शांत, एका जागी बसतं." माता-भगिनींनो, हे गुणीपण नव्हे. जग त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही मुले डोळ्यांत बोटे खुपसत राहतात, सतत डुलत राहतात. तेही बहुधा रिकामेपणाचे लक्षण असते. हातांना काम आणि पायांना वाट मिळाली की ते पुष्कळदा कमी होते.

आपल्या परिचयाची एक कथा या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. हत्ती आणि आंधळ्यांची. ही कथा 'उदान' या पाली ग्रंथात आहे. शाळेच्या पुस्तकात ती आपण अशी वाचतो की, आंधळ्यांनी हत्ती चाचपला, प्रत्येकाच्या हाती वेगळा अवयव लागला आणि ते भांडत बसले. पण मूळ कथेतला तपशील नीट पाहा. श्रावस्तीच्या राजाने जन्मांध लोकांना एकत्र करवले आणि आपल्या माणसाला सांगितले, यांना हत्ती दाखव. त्या माणसाने काय केले? काहींना फक्त डोके दाखवले, काहींना फक्त कान, काहींना सुळा, काहींना पाय, काहींना शेपूट. ज्यांना डोके दाखवले ते म्हणाले, हत्ती मडक्यासारखा. ज्यांना कान, ते म्हणाले, सुपासारखा. ज्यांना पाय, ते म्हणाले, खांबासारखा. मित्रहो, त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या हाताला लागले होते त्यापुरते बरोबरच होते. पूर्ण हत्तीभोवती कोणी त्यांना फिरवलेच नाही!

भगवान बुद्धांनी ती कथा सांगितली ती आपापल्या मताला चिकटून भांडणाऱ्यांसाठी. अंधांची थट्टा हा तिचा हेतू नव्हे. पण मी ती वाचली तेव्हा मला तिच्यात बालशिक्षणाचाही एक धडा दिसला. दृष्टी नसलेल्या मुलाला जग तुकड्यातुकड्याने मिळते. त्याच्या हाती गाईचे फक्त शिंग आले तर गाय म्हणजे शिंग. ज्या मुलाने झाड म्हणून फक्त खोड चाचपले आहे त्याला फांदी, पान, फळ हे सारे त्याच झाडाचे, हे कसे कळावे? आपले मेहरूण बोरांसाठी प्रसिद्ध आहे. डोळस पोराला बोराचे झाड दिसते आणि बोरही दिसते. मधला धागा त्याचे डोळे जोडतात. अंध पोराच्या हातावर आपण फक्त बोर ठेवतो. त्याला झाडापाशी नेले पाहिजे, खोडाला मिठी मारू दिली पाहिजे, फांदी वाकवून पान, काटा आणि बोर जिथल्या तिथे हाताळू दिले पाहिजे. एखादा काटा टोचेलही. टोचू द्या. डोळस पोरांना काय टोचत नाहीत? पूर्ण हत्तीभोवती फिरवून आणणे, हे बालवाडीचे काम आहे.

आता कायद्याची बाजू पाहू, कारण 'सहा वर्षांची झाली की या' या उत्तराचे मूळ तिथे आहे. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जवळच्या शाळेत शिकायचे की विशेष शाळेत, ही निवडही दिली. फार मोठी गोष्ट आहे. पण दोन्ही ठिकाणी सुरुवात कुठून? सहापासून. तीन ते सहा या वयासाठी शिक्षण हक्काच्या कायद्यात फक्त एवढेच आहे की सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल'. बँकेच्या भाषेत सांगायचे तर 'करू शकेल' आणि 'केले पाहिजे' यांत वचनचिठ्ठी आणि तोंडी आश्वासन यांच्याएवढे अंतर असते. ज्या वर्षांत सर्वांत जास्त शिकायचे, नेमक्या त्याच वर्षांत मुलाच्या हातात हक्काचा कागद नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, हे चांगले झाले. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला अंगणवाडीत सामावून घेणे व कुटुंबाला बळ देणे, आणि आशा-परिचारिकांमार्फत पुढे योग्य ठिकाणी पाठवणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. म्हणजे दिशा ठरली आहे. पण कागदावरची दिशा गल्लीत आणायची तर गल्लीतल्याच संस्थांनी हात लावावा लागतो.

थोडा इतिहासही सांगतो. विद्यार्थी मित्रांना तो उपयोगी पडेल. भारतातली पहिली अंधशाळा अमृतसरला १८८७ साली निघाली. मुंबईत ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. आज दादरला असलेली कमला मेहता अंधशाळा ती हीच. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी ठरली आणि १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. अपंग मुलांनी इतर मुलांबरोबर एकाच शाळेत शिकावे, अशी केंद्र सरकारची योजना १९७४ पासूनची आहे. या साऱ्या कामाविषयी आदर बाळगूनच म्हणावेसे वाटते की यातला बहुतेक भर मोठ्या मुलांवर राहिला. तीन वर्षांचे मूल त्या धाग्यात उशिरा आले.

आणि यात एक गंमत आहे. आपली बालवाडी मुळात आली कुठून? मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढले. त्यांनी वापरलेली साधने कुठली? इटार आणि सेगाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्याआधी शिकण्यात अडचण असलेल्या, अपंग मुलांसाठी जी साधने आणि पद्धती तयार केल्या होत्या, त्यांवरून त्यांनी ती घेतली. खरखरीत कागदाची अक्षरे, आवाजाच्या डब्या, हाताने चाचपून जुळवायचे ठोकळे, डोळे बांधून वस्तू ओळखायचा खेळ, हे सगळे त्यातले. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर याच पद्धतीला आपल्या मातीचे रूप दिले. महागडी साधने बाजूला ठेवून बिया, खडे, शिंपले, पाने वापरली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यांचीच. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. आता विचार करा. बालवाडीची साधने ज्या अपंग मुलांच्या शिक्षणातून जन्मली त्यांनाच आपण दारात अडवायचे? हे तर ज्याच्या भांडवलावर पेढी उभी राहिली त्यालाच खाते नाकारण्यासारखे झाले.

बँकेचा विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्यातला एक दाखला देतो. पूर्वी अनेक ठिकाणी अंध ग्राहकाला चेकबुक देत नसत, एटीएम कार्ड देत नसत, लॉकरही देत नसत. कारण काय सांगत? "तुमच्याच हितासाठी. कोणीतरी तुम्हाला फसवील." ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना स्पष्ट सूचना दिली की चेकबुक, एटीएम, लॉकर या सुविधा दृष्टीबाधितांना भेदभाव न करता द्याव्यात. त्यानंतर काय झाले? बँका बुडाल्या नाहीत. अंध माणसे पगार काढू लागली, कर्ज घेऊ लागली, हप्ते फेडू लागली. 'तुमच्या हितासाठी' म्हणून बंद केलेले दार बहुतेक वेळा आपल्या सोयीसाठी बंद केलेले असते, हे मी काउंटरच्या या बाजूला बसून शिकलो. 'पडली तर जबाबदारी कोणाची' हे वाक्य त्याच जातीचे आहे.

नोटेचेही तसेच. १९९६ पासूनच्या महात्मा गांधी मालिकेतल्या नोटांवर हाताला लागेल अशी उठावाची खूण असे. शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, पन्नासला चौकोन. अंध ग्राहक अंगठा फिरवून नोट ओळखत. २०१६ नंतर नोटांचे आकार बदलले आणि वर्षानुवर्षे बोटांनी कमावलेली ओळख एकदम विस्कटली. पुढे जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाईलवर नोट ओळखून बोलून दाखवणारे 'मनी' हे ॲप काढले. त्यातून मी एवढेच घेतले की दृष्टी नसलेल्या माणसाचे जग ठरलेल्या जागांवर आणि ठरलेल्या खुणांवर उभे असते. बालवाडीत हेच सूत्र लागू आहे.

आता प्रत्यक्ष बालवाडीत करायचे काय? ताईंनी मला जे विचारले आणि जाणत्यांनी जे सांगितले, त्याचा सारांश देतो.

पहिली गोष्ट, जागा. पाण्याचा माठ, चपला, खेळण्यांची पेटी, सतरंजी यांची जागा ठरलेली असावी आणि ती न सांगता बदलू नये. पहिल्या आठवड्यात इतर मुले यायच्या आधी मुलाला आईबरोबर बोलवावे आणि संपूर्ण खोली भिंतीला हात लावत फिरवून दाखवावी. दाराजवळ काथ्याचे पायपुसणे, मुतारीच्या वाटेवर दोरी, त्याच्या खुंटीला कापडाचा गोंडा, एवढ्या खुणा पुरतात. दार अर्धवट उघडे ठेवू नये. ते पूर्ण उघडे असावे किंवा पूर्ण बंद.

दुसरी गोष्ट, भाषा. 'इकडे ये', 'तिकडे ठेव', 'हे बघ' या शब्दांनी त्याला काही कळत नाही. 'तुझ्या उजव्या हाताला वाटी आहे' असे सांगावे. बोलण्याआधी त्याचे नाव घ्यावे आणि आपण कोण तेही सांगावे. न सांगता त्याला उचलू नये, ओढू नये. काही शिकवताना त्याचा हात धरून ओढण्याऐवजी आपला हात खाली आणि त्याचा हात आपल्या हातावर, असे करावे. म्हणजे त्याला आपली हालचाल कळते आणि नको वाटले तर हात काढून घेण्याची मोकळीकही राहते.

तिसरी गोष्ट, साधने. इथे खर्चाची भीती बाळगू नका. मूग, चवळी, मका आणि शेंगदाणे मिसळून वेगळे करणे, डब्यांत खडे, वाळू, ज्वारी घालून आवाजाच्या जोड्या लावणे, चेंडूच्या आत घुंगरू, दोऱ्यात मणी ओवणे, कणीक मळणे, भाजीबाजारातली वांगी, केळी, शेवग्याच्या शेंगा हाताने आणि वासाने ओळखणे. ज्या बोटांनी पुढे ब्रेल वाचायचे आहे ती बोटे इथेच तयार होतात. ब्रेल म्हणजे सहा टिंबांचा खेळ. दोन उभ्या ओळी, प्रत्येकी तीन टिंबे. अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापला की ब्रेलचे घर तयार! डाव्या ओळीत सर्वांत वरच्या खळग्यात लिंबू ठेवले की 'अ'. त्याखाली आणखी एक ठेवले की 'ब'. डावी ओळ पूर्ण भरली की 'ल'. मधले लिंबू उचलले की 'क'. हा खेळ डोळस मुलेही आनंदाने खेळतात. लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कामाच्या खोलीतले हत्यार त्यांच्या डोळ्यात लागले आणि त्यातून पुढे त्यांची दृष्टी गेली. म्हणजे आपण ज्या वयाबद्दल बोलतो आहोत त्याच वयात. त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, २००९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या नावाचे दोन रुपयांचे नाणे काढले. तुमच्यापैकी कोणाच्या गल्ल्यात ते असेलही.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. आपण ज्यांना आंधळे म्हणतो त्यांतल्या अनेक मुलांना थोडे तरी दिसते. त्यांना अल्पदृष्टी म्हणतात. अशा मुलाला उजेड पाठीमागून किंवा बाजूने येईल असे बसवावे, खिडकीकडे तोंड करून नव्हे. चित्र जाड काळ्या रेघांचे आणि एका पानावर एकच असावे. पांढऱ्या ताटात भात दिसत नाही, गडद रंगाच्या ताटात दिसतो. मूल पुस्तक नाकाशी धरून पाहत असेल तर ओरडू नका. जवळून पाहिल्याने डोळे खराब होत नाहीत. आणि जे थोडे दिसते ते वापरायला शिकवा.

पाचवी गोष्ट, दवाखाना. बालवाडी डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही, पण डॉक्टरकडे सर्वांत आधी तीच पाठवू शकते. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. त्या दिवशी मूल गैरहजर राहता कामा नये. बाळाची बाहुली पांढरी दिसत असेल, डोळा तिरळा असेल, मूल उजेडाला फार बिचकत असेल, डोळा वाजवीपेक्षा मोठा दिसत असेल, तर थांबू नका. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर दृष्टी वाचू शकते. उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही. वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी लागते. आणि जीवनसत्त्व 'अ' चे डोस नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ. दारातल्या शेवग्याचा पाला, पपई, गाजर हे त्याच्या जोडीला. 'नजर लागली' म्हणून अंगारा लावण्यात आणि डोळ्यात मध किंवा दूध घालण्यात जे दिवस जातात, ते परत मिळत नाहीत.

'मागच्या जन्मीचे पाप' हे शब्द आपल्यातल्या काही घरांत अजून निघतात, हे दुःखाने सांगावे लागते. आपण ज्या विचाराचे आहोत त्या विचारात कार्यकारणभावाला जागा आहे, कलंकाला नाही. आईच्या डोक्यावर आधीच ओझे आहे, त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अपराधाची भर घालू नये. आणि मुलाला 'सूरदास' म्हणून हाका मारू नयेत. त्याला आईबापांनी नाव ठेवले आहे.

आता हरकतींचा विचार करू. एका ताईंनी मला स्पष्ट विचारले, "तीस मुले आणि मी एकटी. त्यात हे मूल मी कसे सांभाळू?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. नुसता प्रवेश देऊन मुलाला कोपऱ्यात बसवणे म्हणजे समावेश नव्हे. ती घराच्या ओट्याऐवजी शाळेच्या ओट्यावर केलेली रवानगी झाली. म्हणून ताईंना पहिले काही महिने एक मदतनीस दिली पाहिजे आणि जाणत्या विशेष शिक्षकाकडून थोडे प्रशिक्षण मिळवून दिले पाहिजे. हे संस्थेचे काम आहे, ताईंच्या एकटीच्या चांगुलपणावर ते सोडता येणार नाही.

दुसरी हरकत, "मग अंधशाळा कशाला?" अंधशाळा हवीच. ब्रेल, पांढरी काठी, एकट्याने फिरण्याचे शिक्षण हे तिथे जितके नीट मिळते तितके सगळीकडे मिळत नाही. सहाव्या वर्षी आईबापांनी कोणती वाट धरायची हे त्यांनी आणि जाणत्यांनी मिळून ठरवावे. माझे म्हणणे एवढेच आहे की तीन ते सहा ही वर्षे मुलाला घरापासून दूर वसतिगृहात पाठवण्याची नाहीत आणि ओट्यावर घालवण्याचीही नाहीत. ती गल्लीतल्या मुलांबरोबर गल्लीतल्या बालवाडीत जावीत. म्हणजे पुढे कोणत्याही शाळेत गेले तरी त्याचे हात, पाय, भाषा आणि दोस्ती तयार झालेली असेल.

तिसरी हरकत, "इतर मुलांचे नुकसान होईल." मला उलट वाटते. जे मूल चौथ्या वर्षी मित्राला 'पुढे पायरी आहे' असे सांगायला शिकते, ते पुढे माणसाला अडथळा समजत नाही. आंधळी कोशिंबीर आपण सारेच खेळलो. त्या खेळात राज्य आले की पट्टी बांधतात आणि थोड्या वेळाने सोडतात. ज्याची पट्टी सुटणार नाही अशा मित्राला खेळात घेणे, ही फार मोठी शिकवण आहे.

बंधू-भगिनींनो, वर्गाच्या बाहेर बसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर इतरांपासून वेगळे बसावे लागत असे. त्या गोणपाटाची आठवण आपण दरवर्षी काढतो आणि आपला ऊर भरून येतो. पण ती आठवण काढण्याचा अर्थ काय? ज्यांनी वर्गाबाहेर बसण्याचे दुःख भोगले त्यांच्या दारातून कोणतेही मूल परत जाऊ नये, हाच ना? आपल्या बालवाडीच्या बाहेर आज दुसऱ्या कोणाचे गोणपाट अंथरलेले तर नाही, हे आपण एकदा दार उघडून पाहिले पाहिजे.

म्हणून अध्यक्ष महोदय, माझ्या काही सूचना आहेत. एक, येत्या जूनपासून आपल्या बालवाडीत दृष्टीबाधित मुलाला प्रवेश नाकारला जाणार नाही, असा स्पष्ट ठराव व्हावा आणि तो दारावर लावावा. दोन, अशा मुलांसाठी पहिले सहा महिने मदतनीस नेमावी. तिच्या मानधनासाठी सभासदांनी वर्गणीत थोडी भर घालावी. हिशेब ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन. तीन, विद्यार्थी मित्रांनी दोन-दोनच्या गटाने वस्तीत फिरून सहा वर्षांखालील ज्या मुलांच्या डोळ्यांबद्दल शंका आहे त्यांच्या आईवडिलांना भेटावे. यादी करायला नव्हे, ओळख करायला. आणि त्यांना तपासणीसाठी सोबत करावी. सरकारी दवाखान्यात एकट्या बाईला चार खिडक्या फिरवतात. सोबत शिकलेला मुलगा असला की दोन खिडक्यांत काम होते, हा तुमचाही अनुभव असेल. चार, अपंगत्वाचा दाखला आणि दिव्यांग ओळखपत्र यांचे अर्ज भरून देण्यासाठी दर रविवारी एक तास मी इथे बसेन. फॉर्म भरण्यात आम्हा बँकवाल्यांचा हात बसलेला असतो.

२०११ च्या जनगणनेत देशात सहा वर्षांपर्यंतची वीस लाखांहून जास्त मुले अपंग म्हणून नोंदली गेली. तो आकडा ऐकून छाती दडपते आणि आपण काय करणार असे वाटते. पण आपल्यापुढे वीस लाख नाहीत. आपल्यापुढे आज एक आहे. तिला रंगांपैकी पिवळा आणि लाल कळतो, तिला गाणी पाठ होतात आणि ती रोज सकाळी आईला एकच प्रश्न विचारते. त्या प्रश्नाला तारखेसकट उत्तर देणे आपल्या हातात आहे.

 ठरावावर आपण मोकळेपणाने बोलावे, शंका विचाराव्यात, विरोधही करावा. पण निर्णय पुढच्या वर्षावर ढकलू नये. मोठ्यांच्या आयुष्यात एक वर्ष इकडेतिकडे चालते. चार वर्षांच्या मुलीच्या आयुष्याचा तो चौथा हिस्सा आहे.

जयभीम.